डब्लिन पहिल्यांदा बघताना: दिवसा टूर बस, संध्याकाळी पब

डब्लिनमध्ये राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात आई-बाबा दोनदा आले, सासूबाई-सासरे एकदा आले, चुलत भाऊ त्याच्या मित्रांना घेऊन आला. नवऱ्याच्या ऑफिसात भारतातून नव्याने रुजू झालेली मुलंमुली तर दर वर्षी घरी येतात. सगळ्यांचे प्रश्न तेच असतात: "ती दुमजली हॉप-ऑन हॉप-ऑफ बस घ्यावी का? आणि पब कुठला चांगला?" (हॉप-ऑन हॉप-ऑफ म्हणजे एकाच तिकिटावर हव्या त्या थांब्यावर उतरून पुढच्या बसने निघता येतं अशी टूर बस.)

आमचा स्वतःचा पहिला शनिवार वाया गेला होता. नोव्हेंबर महिना होता. दुपारी बाराला बसचं तिकीट घेतलं, पहिल्याच थांब्यावर उतरलो, मग पुढची बस, मग पुन्हा उतरलो. साडेचारला अंधार पडला आणि पाचच्या सुमारास बस बंद झाल्या. ज्या तुरुंगासाठी निघालो होतो त्याची तिकिटं कधीच संपली होती. रात्री एका खच्चून भरलेल्या पबमध्ये भिंतीला टेकून, कोट हातात धरून उभे राहिलो आणि भरपूर पैसे मोजून घरी आलो. तुमचं असं होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

१. आधी कागदपत्रं

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आयर्लंड युरोपीय संघात आहे, चलन युरो आहे, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. शेंगेन व्हिसावर पॅरिस-रोम करून डब्लिनला येता येत नाही. भारतीय पासपोर्टवर आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. ब्रिटनच्या व्हिसाचंही नीट बघा. भारतीय पर्यटकांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे, पण तुमच्या व्हिसावर "बीआयव्हीएस" ही अक्षरं छापलेली असतील तरच ती चालते, आणि ज्या देशाने व्हिसा दिला त्या देशात आधी उतरावं लागतं. लंडनचा व्हिसा असेल तर आधी लंडन, मग डब्लिन.

दुसरा सापळा बेलफास्टचा. डब्लिनहून एका दिवसाच्या सहली तिकडे जातात, सीमेवर कुणी अडवत नाही, म्हणून लोक बिनधास्त तिकीट काढतात. पण उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग आहे. तिथे जायला ब्रिटनचा व्हिसा किंवा वर सांगितलेल्या योजनेतला व्हिसा हवा.

बरोबर काय असावं:

- पासपोर्ट. दारू पिण्याचं कायदेशीर वय १८ आहे. तिशीच्या आतल्या दिसणाऱ्या कुणालाही दारात ओळखपत्र विचारलं जातं. आधार कार्ड इथे कुणी ओळखत नाही.
- परदेशात चालणारं टॅप करायचं कार्ड. पबमध्ये, बसच्या तिकिटाला, संग्रहालयात, सगळीकडे कार्ड चालतं. थोडी युरोची नाणी वेगळी ठेवा, कारण साध्या शहर बसमध्ये नोटा घेत नाहीत आणि सुटे पैसे परत मिळत नाहीत.
- लीप कार्ड. हे बस, लुआस म्हणजे ट्राम, आणि लोकल ट्रेनला चालतं. प्रौढांचं ९० मिनिटांचं भाडं २ युरो आहे, त्यात बस बदलली तरी पुन्हा पैसे लागत नाहीत. ट्रामला चढताना आणि उतरल्यावर दोन्ही वेळा टॅप करायचं. उतरताना लोक हमखास विसरतात.
- टोपी असलेला, वाऱ्यात न उडणारा रेनकोट. छत्री नको, ती लिफी नदीवरच्या पुलांवर दोन मिनिटांत उलटी होते.
- इंग्लंडसारख्या तीन चौकोनी पिनांचा प्लग अडॅप्टर.

२. काय आधी बुक करायचं

बसचं तिकीट आयत्या वेळी मिळतं. बसने जिथे जायचं तिथलं मात्र मिळेलच असं नाही.

किलमेनम गेओल हा जुना तुरुंग फक्त गाइडबरोबर बघता येतो आणि गटात माणसं मोजकी घेतात. तिकिटं साधारण २८ दिवस आधी ऑनलाइन खुली होतात. विमानाचं तिकीट हातात आलं की कॅलेंडरवर ती तारीख लिहून ठेवा. चुकलंच तर ज्या दिवशी जायचं त्या दिवशी सकाळी लवकर वेबसाइट बघा, रद्द झालेली थोडी तिकिटं परत येतात. आई-बाबांसाठी मला अशीच दोन मिळाली होती.

गिनेस ही इथली प्रसिद्ध काळी बिअर. तिची गोष्ट सांगणाऱ्या गिनेस स्टोअरहाउसला वेळ ठरवून तिकीट घ्यावं लागतं. शक्यतो दुपारी तीन-साडेतीनची वेळ घ्या, का ते पुढे सांगते. ट्रिनिटी कॉलेजमधल्या बुक ऑफ केल्ससाठीही वेळ ठरवून घ्या. इसवी सन ८०० च्या आसपासचं हे चित्रमय हस्तलिखित बघण्यासारखं आहेच. पण तिथल्या प्रसिद्ध लाँग रूममधली जवळजवळ दोन लाख जुनी पुस्तकं संवर्धनासाठी हलवण्याचं काम हाती घेतलेलं आहे. फोटोत दिसणारी भरलेली कपाटं डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका.

नाताळच्या सुट्टीत येणाऱ्यांनी लक्षात ठेवा: २५ डिसेंबरला टूर बस, शहर बस, ट्राम, पब, सगळं बंद असतं. त्या दिवशीचं जेवण घरात भरून ठेवा. १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला, मिरवणुकीमुळे बसचे मार्ग बदलतात आणि पबमध्ये पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी मिरवणूक बघा, बाकीचं दुसऱ्या दिवसावर टाका.

३. तिकीट घेताना चार गोष्टी विचारा

दोन-तीन कंपन्यांच्या बस फिरतात आणि मार्ग थोड्याफार फरकाने सारखाच असतो. कुठली चांगली, यावर मी तासभर घालवत नाही. एवढंच विचारते:

पहिलं, २४ तास म्हणजे पहिल्यांदा चढल्यापासून २४ तास, की त्याच तारखेपुरतं? पहिल्या प्रकारचं असेल तर दुपारी सुरू करून दुसऱ्या सकाळीही वापरता येतं. दुसरं, आज शेवटची बस कुठल्या थांब्यावरून किती वाजता? याचा फोटो काढून ठेवा. तिसरं, माहिती ड्रायव्हर स्वतः सांगतो की हेडफोनवर लावलेली असते? स्वतः बोलणारा ड्रायव्हर मिळाला तर तोच घ्या. डब्लिनकरांना गोष्ट सांगायची उपजत हौस आहे, मध्येच गाणंही म्हणतात. बोलणं मात्र भरभर असतं, पहिली दहा मिनिटं कान बसायला लागतात. चौथं, दोन बसमध्ये अंतर किती? हिवाळ्यात ते वाढतं.

४. पहिली फेरी पूर्ण करा, मध्ये उतरू नका

हे कुणाला पटत नाही, पण नऊ वर्षांच्या पाहुण्यांनंतर मी यावर ठाम आहे. सकाळी पहिल्या-दुसऱ्या बसने निघा, ओ'कॉनेल स्ट्रीटवरून चढा, वरच्या मजल्यावर पुढे बसा आणि साधारण पावणेदोन तासांची अख्खी फेरी एकाच बैठकीत करा.

त्याने दोन गोष्टी होतात. शहराचा नकाशा डोक्यात बसतो: नदी मध्ये, दक्षिणेला कॉलेज, सरकारी इमारती आणि महागडी दुकानं, पश्चिमेला दारूच्या भट्ट्या, तुरुंग आणि मोठं उद्यान, उत्तरेला जुनं बाजाराचं शहर. आणि कुठे खरंच उतरायचं आहे ते तुमचं तुम्हाला कळतं. बस एकाच दिशेने फिरते. घाईत मागे सोडलेल्या थांब्यावर परत यायचं तर पूर्ण चक्कर मारावी लागते, त्यात अर्धा दिवस जातो.

वर बसताना एक बघा. पुढचा काही भाग काचेने आणि छताने झाकलेला असतो, मागचा उघडा असतो. फोटोंच्या नादात उघड्या भागात बसलात तर जूनमध्येसुद्धा कान बधिर होतात. वयस्कर मंडळींना छताखाली बसवा. आणि बसमध्ये स्वच्छतागृह नसतं, म्हणून चढायच्या आधी जाऊन या. पब संध्याकाळसाठी ठेवा असं मी सांगते, त्यामागे हे फार व्यावहारिक कारण आहे. ११ वाजता एक पाइंट बिअर घेऊन बसमध्ये बसलेल्या माणसाचे हाल मी बघितले आहेत.

५. दुसऱ्या फेरीत पश्चिमेला उतरा

शहराच्या मध्यावरचे थांबे एकमेकांपासून पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहेत. ट्रिनिटीहून टेंपल बारला जायला वीस मिनिटं बसची वाट बघण्यात अर्थ नाही. तिकिटाचे पैसे वसूल होतात ते पश्चिमेला, जिथे अंतरं लांब आहेत. म्हणून दुसऱ्या फेरीत तीनच ठिकाणी उतरा.

किलमेनम गेओल. १७९६ साली सुरू झालेला हा तुरुंग १९२४ मध्ये बंद झाला. एप्रिल १९१६ मध्ये ईस्टरच्या आठवड्यात डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला आणि तो मोडून काढल्यावर मे महिन्यात १४ जणांना इथल्या दगड फोडायच्या अंगणात गोळ्या घालण्यात आल्या. त्यातल्या जेम्स कॉनलीला जखमांमुळे उभंही राहता येत नव्हतं, त्याला खुर्चीला बांधून गोळी घातली. त्या जागी एक साधा काळा क्रॉस आहे. माझे बाबा तिथे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एप्रिल १९१६ म्हणजे टिळकांनी बेळगावला होमरूल लीग काढली तोच महिना." होमरूल हा शब्दही आपल्याकडे आयर्लंडमधूनच आला. ओ'कॉनेल स्ट्रीटवर ज्या पोस्ट ऑफिससमोरून सकाळी बस गेली, तिथेच पॅट्रिक पिअर्सने २४ एप्रिलला स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला होता. तिथल्या खांबांवर गोळ्यांच्या खुणा अजून दाखवतात. तुरुंग बघून परत आलात की त्या खांबांपाशी पुन्हा एकदा थांबा.

फिनिक्स पार्क. ७०७ हेक्टरचं, भिंतीने वेढलेलं उद्यान, आत हरणांचे कळप मोकळे फिरतात. हरणांना खायला घालू नका, मनाई आहे. पण बहुतेक भारतीय पर्यटक हरणांचे फोटो काढून निघतात आणि प्रवेशद्वाराजवळच्या ६२ मीटर उंच दगडी स्तंभाकडे बसमधूनच बघतात. तो वेलिंग्टनचा स्तंभ आहे. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन डब्लिनचा, आणि त्याआधी तो आर्थर वेलस्ली म्हणून आपल्याकडे होता. २३ सप्टेंबर १८०३ ला जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं ते यानेच. स्तंभाच्या पायथ्याशी वॉटर्लूला जिंकलेल्या तोफांच्या धातूची चित्रफलकं बसवली आहेत, त्यातला एक फलक त्याच्या भारतातल्या लढायांचा आहे. खाली उतरा, चौथऱ्याला फेरी मारा आणि तो फलक शोधा. इतक्या लांब येऊन आपला इतिहास दुसऱ्याच्या बाजूने कोरलेला बघताना वेगळंच वाटतं.

गिनेस स्टोअरहाउस. हे तीन-साडेतीनला ठेवायचं, कारण दोन तास लागतात आणि शेवट सातव्या मजल्यावरच्या ग्रॅव्हिटी बारमध्ये होतो. तिथून चारही बाजूंनी काचेतून शहर दिसतं. सकाळी बसमधून पाहिलेलं सगळं एकेक करून ओळखता येतं. तिकिटात एक पाइंट धरलेला असतो, न पिणाऱ्याला अल्कोहोल नसलेली गिनेस ०.० किंवा सरबत मिळतं. आर्थर गिनेसने १७५९ साली ही जागा वर्षाला ४५ पौंड भाड्याने ९,००० वर्षांसाठी घेतली होती, तो करार तळमजल्यावर काचेखाली ठेवलेला आहे.

मार्ग एकाच दिशेचा असल्यामुळे बहुतेक फेऱ्यांत गिनेस आधी येतं, मग तुरुंग, मग उद्यान. तुरुंगाची वेळ सकाळी अकरा-बाराची मिळाली तर आधी तुरुंग आणि उद्यान करा, मग लाल लुआसने जेम्सेस थांब्यावर उतरून गिनेसला चालत जा. तेवढ्या एका प्रवासासाठी लीप कार्ड आहेच.

६. मधलं शहर पायी

गिनेस आटोपलं की बसचं काम संपलं. आता चाला. क्राइस्ट चर्च, डब्लिन कासल, टेंपल बार, हेपेनी ब्रिज हे सगळं एका तासाच्या चालीत येतं. कासलच्या मागच्या बागेत मिनिटभर उभे राहा. इथे एक काळसर डोह होता, त्यालाच आयरिश भाषेत दुव लिन म्हणत, त्यावरून शहराला नाव पडलं. व्हायकिंग लोकांनी ८४१ मध्ये इथे तळ टाकला होता. या कासलमधून ब्रिटिशांनी शतकानुशतकं आयर्लंडवर राज्य केलं आणि १६ जानेवारी १९२२ ला ते आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकल कॉलिन्स याच्या ताब्यात दिलं.

मेरियन स्क्वेअरच्या बाजूला गेलात तर सरकारी इमारतींसमोरून जा. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, या देशाचा दोनदा पंतप्रधान झाला. गावाकडच्या पाहुण्यांना ही इमारत दाखवताना त्यांचा चेहरा बघावा.

७. पब कुठला?

आधी टेंपल बारबद्दल. हे एका बारचं नाव आहे असं समजून लोक पत्ता विचारतात. ते नदीकाठच्या एका वस्तीचं नाव आहे. तिथे टेंपल घराण्याची जागा होती आणि "बार" म्हणजे नदीकाठचा वाळूचा उंचवटा. त्याच नावाचा लाल रंगाचा एक पबही तिथे आहे, त्यामुळे घोळ वाढतो. तिथली गल्ली संध्याकाळी जरूर बघा, फोटो काढा. पण इतरत्र सहा-सात युरोला मिळणारा पाइंट तिथे दहाच्या घरात जातो आणि बसायला जागा मिळत नाही. आमची ती पहिली फसलेली संध्याकाळ याच वस्तीत गेली.

तिथून दहा मिनिटांत पोचता येईल असे पब मी पाहुण्यांना दाखवते. डेम कोर्टमधला स्टॅग्ज हेड, रंगीत काचा आणि कोरीव लाकूडकाम बघण्यासाठी. जॉर्जेस स्ट्रीटवरचा लाँग हॉल, आरसे, झुंबरं आणि लांबच लांब बार. साउथ ॲन स्ट्रीटवरचा किहोज, लहान लहान खोल्यांचा. सातच्या आत जा. सातनंतर ऑफिस सुटलेल्यांची गर्दी होते.

गाणं ऐकायचं असेल तर दोन. मेरियन रोवरचा ओ'डनहूज, जिथे १९६०च्या दशकात द डब्लिनर्स हा लोकसंगीताचा गट जमला. आणि स्मिथफील्डचा कॉबलस्टोन. माझा जीव कॉबलस्टोनमध्ये जास्त रमतो. २०२१ मध्ये तिथे हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली. स्मिथफील्डलाच बो स्ट्रीटवर जेमसनची १७८०ची जुनी भट्टी आहे. व्हिस्की आता कॉर्क परगण्यात बनते, इथे चव घ्यायला आणि गोष्ट ऐकायला जायचं. गिनेस आणि जेमसन एकाच दिवशी मात्र करू नका. दुसऱ्याची चव लागत नाही आणि पैसे दुप्पट जातात.

ब्रेझन हेड हा क्राइस्ट चर्चच्या उतारावर नदीजवळ आहे. भिंतीवर ११९८ लिहिलेलं आहे, सध्याची इमारत त्यापेक्षा बरीच अलीकडची. अंगण छान आहे, पण टूरच्या गटांची गर्दी असते. मुलं बरोबर असतील तर दुपारी जेवायला तिथे जा.

८. आत गेल्यावर

आपल्याकडे बार म्हटलं की परमिट रूमची काळी काच आणि पडदा आठवतो. बायकांनी जायचं तर "फॅमिली सेक्शन". पब म्हणजे तसं नाही. गल्लीतला कट्टा आणि घरातली बैठकीची खोली एकत्र केली तर जे होईल ते. आजी-आजोबा चहा पीत बसलेले असतात, कुणी एकटंच पेपर वाचत असतं. एकटी बाई येऊन बसली तर कुणी वळून बघत नाही. पण हे पूर्वीपासून असं नव्हतं. जुन्या पबमध्ये दाराजवळ लाकडी पार्टिशनची छोटी खोली दिसेल, तिला स्नग म्हणतात. बायकांनी मुख्य बारमध्ये बसणं लोकांना खपत नसे, तेव्हा त्या तिथे बसायच्या. आता स्नग मिळणं ही चैन समजली जाते. रिकामा दिसला तर लगेच बसा.

टेबलावर बसून वेटरची वाट बघू नका. बारपाशी जा, तिथेच सांगा, तिथेच पैसे द्या. रांग दिसत नाही, पण कुणाच्या आधी कोण आलं हे बारमनला आणि बाकीच्यांनाही पक्कं माहीत असतं. हात हलवू नका, चुटकी तर मुळीच वाजवू नका. नजरानजर झाली की मान हलवा. बारवर टिप देत नाहीत. टेबलावर जेवण आणून दिलं तर दहा टक्क्यांच्या आसपास ठेवतात.

पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. गिनेस मागितली की ग्लास तिरका धरून पाऊण भरतात आणि बाजूला ठेवून देतात. हे विसरलेत असं वाटून आमच्या एका पाहुण्याने तो उचलला होता. तसं करू नका. आतला नायट्रोजनचा फेस वर येऊन द्रव काळा झाला की उरलेला भरतात. या सगळ्याला कंपनी ११९.५ सेकंद सांगते. दिसायला दाट, पण अल्कोहोल ४.२ टक्के. पहिला घोट फेसाखालून मोठा घ्यायचा, फेस चाटत बसायचं नाही.

राऊंडची पद्धत नीट समजून घ्या, कारण इथे नकळत मन दुखावतं. चौघं बसले असाल तर एकजण चौघांचं आणतो, मग दुसरा, मग तिसरा. दोन राऊंड पिऊन तुम्ही आपलं न देता उठलात तर कुणी बोलणार नाही, पण लक्षात राहील. जास्त प्यायचं नसेल तर सुरुवातीलाच सांगा, "मी माझं माझं घेईन." कुणालाही राग येत नाही. ऑफिसमध्ये नव्याने लागलेल्यांनो, तुमच्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. ग्लास उचलताना "स्लॉन्चा" म्हणतात, म्हणजे आरोग्य.

गाण्याची मैफल चालू असेल तर वादकांच्या कोपऱ्यातली रिकामी खुर्ची रिकामी नसते, उशिरा येणाऱ्या वादकाची असते. फर्माइश करू नका. कुणी एकटं, वाद्यांशिवाय गायला लागलं तर सगळा पब गप्प होतो. तेव्हा बारवर ऑर्डरही देऊ नका.

स्वच्छतागृहाच्या दारावर कधीकधी आयरिश शब्द असतात. "फिर" म्हणजे पुरुष. "म्ना" म्हणजे स्त्रिया, पण त्याची रोमन अक्षरं एम-एन-ए अशी असल्याने घाईत "मॅन" वाचलं जातं. दर खेपेला कुणीतरी चुकतंच.

मुलांचा नियम: १८ खालच्यांना रात्री ९ नंतर बारमध्ये थांबता येत नाही, मे ते सप्टेंबर १० नंतर. १५ खालच्यांबरोबर पालक हवेत. पबच्या आत धूम्रपान २००४ पासून बंद आहे. आणि ग्लास घेऊन रस्त्यावर फिरू नका, डब्लिनमध्ये सार्वजनिक जागी दारू पिण्यास महापालिकेची मनाई आहे.

९. न पिणाऱ्यांनी आणि शाकाहारींनी

आई पहिल्यांदा पबच्या दारात थबकली होती. "मी बाहेर थांबते, तुम्ही जाऊन या," म्हणाली. मग आत आली, चहाची किटली मागवली, शेजारच्या आजोबांनी तिला कुठून आलात विचारलं आणि पाऊण तास पुण्याच्या पावसाची न् इथल्या पावसाची तुलना चालली. सुट्टीतली तिची ती आवडती संध्याकाळ ठरली. म्हणून न पिणाऱ्यांना हॉटेलवर सोडून जाऊ नका.

फक्त ऑर्डर देताना जपा. आयरिश कॉफीत व्हिस्की असते, ती नुसती कॉफी नव्हे. गिनेस गाळायला पूर्वी माशापासून काढलेला पदार्थ वापरत, २०१८ पर्यंत तो सगळीकडून बंद केला, त्यामुळे शाकाहारींनाही आता ती चालते. जेवणात गिनेस पाय किंवा स्टू दिसलं तर त्यात बहुतेक वेळा बीफ किंवा मटण असतं, कॉडलमध्ये डुकराचं मांस. भाज्यांच्या सुपाचा रस्साही कधी चिकनचा असतो, विचारा. चीज टोस्ट, ब्राउन ब्रेड, बटाट्याचे चिप्स हे बहुतेक ठिकाणी मिळतं. चिप्स कुठल्या तेलात तळले तेही विचारा, काही ठिकाणी बीफची चरबी वापरतात. आणि हे सगळं रात्री नऊच्या आत उरका. पब उघडा असला तरी स्वयंपाकघर तेव्हा बंद होतं.

१०. परतीचं

सोमवार ते गुरुवार पब साधारण साडेअकराला, शुक्रवार-शनिवार साडेबाराला, रविवारी अकराला बार बंद करतात. मग संपवायला थोडा वेळ देतात. लुआस मध्यरात्रीच्या आसपास थांबते. त्यानंतर काही बस रात्रभर चालतात, कुठल्या ते सकाळीच मोबाइलवर बघून ठेवा. शनिवारी रात्री टॅक्सी सहज मिळत नाही. भाड्याची गाडी घेतली असेल तर ती त्या दिवशी हॉटेललाच राहू द्या.

दुसरा दिवस हाताशी असेल तर ग्लासनेव्हिनला जा. टूर बसच्या नेहमीच्या फेरीत ते येईलच असं नाही, शहर बसने जावं. १८३२चं मोठं दफनस्थान आहे, आयर्लंडचे मोठे नेते डॅनियल ओ'कॉनेल आणि मायकल कॉलिन्स यांच्या कबरी तिथे आहेत. त्याच्या भिंतीला लागून जॉन कॅव्हनाचा १८३३चा पब आहे. कबरी खणणारे तिथे यायचे म्हणून सगळे त्याला ग्रेव्हडिगर्स म्हणतात. आत टीव्ही नाही, गाणी नाहीत. दुपारी तीनला जा.

घरी व्हिस्की न्यायची असेल तर भारतात माणशी २ लिटर ड्यूटीशिवाय नेता येते. डब्लिनहून भारताला थेट विमान नाही, त्यामुळे विमानतळावर घेतलेली बाटली दुबईला किंवा लंडनला पुन्हा तपासली जाते. दुकानदाराकडून ती सीलबंद पिशवीत पावतीसकट घ्या आणि घरी पोचेपर्यंत पिशवी उघडू नका. शहरात घेतली असेल तर कपड्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवा आणि ती बॅग थेट मुंबईपर्यंत चेक-इन झाली आहे ना, हे काउंटरवरच विचारा.